अक्षर आणि बाइट

गेल्या वर्षींच्या बक्षीस-समारंभांत घडलेली एक लहानशी गोष्ट आमच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. सहाव्या इयत्तेंतील एका विद्यार्थिनीस सुंदर हस्ताक्षराचें पहिलें बक्षीस होतें. बक्षिसांची यादी आमच्या संगणक-वर्गांतील मुलांनीं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनें तयार केली होती, आणि यादी वाचणाऱ्या गुरुजींनीं कागदावर जें होतें तेंच मोठ्यानें वाचलें. मुलीच्या नांवाचा शेवटचा ईकार कागदावर नव्हता; त्यामुळें सभागृहांत एका मुलाचें नांव उच्चारलें गेलें. मुलें हंसलीं. उठावें कीं न उठावें अशा संभ्रमांत ती मुलगी क्षणभर बसून राहिली, आणि मग मान खालीं घालून व्यासपीठावर गेली. तिची आई पालकांच्या रांगेंत होती. अक्षर सुंदर म्हणून जिला बक्षीस, तिचेंच नांव आमच्या हातून बिघडावें, ही गोष्ट आम्हांस फार लागली. तिचें नांव येथें देणें उचित नाहीं. तशाच घडणीचें ‘ज्ञानेश्वरी’ हें नांव घेऊन आम्ही पुढील विवेचन करणार आहों.

समारंभानंतर चौकशी केली तेव्हां मुलें म्हणालीं, “गुरुजी, संगणकानें नांव कापलें.” हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. संगणक आपण होऊन कांहीं कापीत नाहीं. सांगितलें तेवढेंच तो कापतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलानें प्रत्येक नांवासाठीं फाइलींत ३० जागा राखून ठेविल्या होत्या. तीसांहून अधिक अक्षरांचें नांव आपल्या शाळेंत कोणाचें असणार, असा त्याचा हिशेब होता. हिशेब अक्षरांचा होता. राखलेल्या जागा मात्र बाइटांच्या होत्या. अक्षर आणि बाइट या दोन भिन्न वस्तु आहेत, आणि त्या एकच मानल्या म्हणून मुलीचें नांव बिघडलें. हा भेद प्रोग्रॅम लिहावयास शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलास पहिल्याच महिन्यांत शिकविला पाहिजे, तो वरच्या वर्गांसाठीं राखून ठेवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें पालकांसही समजेल अशा रीतीनें सांगण्याचा आम्ही प्रयत्न करितों.

संगणकाच्या स्मरणांत अक्षरें नसतात. असतात ते केवळ अंक. आठ बिटांचा एक गट म्हणजे बाइट, आणि एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या मावते. चित्र, गाणें, पत्र, हिशेबाची वही, हें सर्व शेवटीं अशा बाइटांची रांगच असतें. त्या रांगेकडे नुसतें पाहून तें पत्र आहे कीं चित्र हें कळत नाहीं. पूर्वींची तार येथें आठवावी. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली, म्हणून आजच्या मुलांनीं ती पाहिली नसेल. त्यांनीं आजोबांना विचारावें. तार पाठविणारा शब्द लिहून देई, तारमास्तर त्या शब्दांचे लघु-दीर्घ ठोके करी, आणि पलीकडचा तारमास्तर त्या ठोक्यांचे पुन्हां शब्द करी. ठोके जाण्यायेण्यासाठीं, शब्द समजण्यासाठीं. घरीं आलेल्या तारेंत अर्धे शब्द आणि अर्धे ठोके असा प्रकार कोणी पाहिला नाहीं. बाइट हे ठोके होत, आणि अक्षरें हा मजकूर होय.

दुसरें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. पुष्कळ घरांत जुन्या पेटींत मोडी कागद असतात. भाषा मराठीच; पण मोडी न येणाऱ्यास त्या केवळ रेघा. सेरामपूर येथें विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं छापलें गेलें तें देवनागरी टाइपांत, आणि त्यांचाच मराठी कोश १८१० सालीं निघाला तो मोडी टाइपांत. एकाच भाषेचीं हीं दोन रूपें, आणि कोणतें रूप पुढें आहे हें ओळखल्याशिवाय वाचन होत नाहीं. बाइटांचेंही असेंच आहे. ते कोणत्या संकेतानें लिहिले हें ठाऊक असल्याशिवाय त्यांचा मजकूर होत नाहीं. संकेत न सांगतां कोणी बाइट हातीं दिले, तर त्यानें मोडी कागद देऊन लिपीचें नांव लपविलें असेंच समजावें.

मग हा भेद इतके दिवस प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या दृष्टीआड कां राहिला? याचें कारण इंग्रजी भाषेच्या सोयींत आहे. १९६३ सालीं अमेरिकेंत ॲस्की नांवाचा संकेत प्रसिद्ध झाला. त्यांत एकंदर १२८ स्थानें. रोमन लिपींतील अक्षरें, अंक व विरामचिन्हें त्यांत बसलीं, आणि प्रत्येकास एकच बाइट पुरेसा झाला. एक अक्षर म्हणजे एक बाइट हें समीकरण इंग्रजीपुरतें खरें ठरलें, आणि जें आपल्या घरीं खरें तें जगांत खरें असें मानण्याची मनुष्याची संवय जुनीच आहे. आपल्याकडे १९९१ सालीं भारतीय लिपींसाठीं इस्की हें प्रमाण ठरलें. त्यांत ॲस्कीच्या वरील १२८ स्थानें भारतीय अक्षरांस दिलीं होतीं. परंतु छपाईच्या व्यवहारांत निरनिराळ्या टाइपांचे निरनिराळे संकेत चालत राहिले. एका यंत्रावर लिहिलेलें मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडलें असतां त्याचा रोमन अक्षरांचा गोंधळ होतो, हें कार्यालयांत काम केलेल्या अनेक पालकांनीं स्वतः अनुभविलें असेल.

या गोंधळावरचा उपाय युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. जगांतील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हास एक कायमचा क्रमांक द्यावा, हें त्याचें तत्त्व. ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५. आतां २३२५ ही संख्या एका बाइटांत मावत नाहीं हें उघड आहे. तेव्हां ती बाइटांत कशी लिहावी हा निराळा प्रश्न उरतो. त्याचें आज सर्वत्र रूढ असलेलें उत्तर म्हणजे यूटीएफ-८ हा संकेत. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं तो १९९२ सालीं रचिला. या संकेतांत इंग्रजी अक्षरास पूर्वीसारखा एकच बाइट लागतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. ‘क’ लिहावयाचा तर २२४, १६४, १४९ असे तीन बाइट लिहावे लागतात. हेच तीन बाइट पश्चिम युरोपीय संकेतानें कोणी वाचले, तर ‘क’ च्या जागीं डोक्यावर रेघ दिलेला रोमन ए, चलनाचें एक चिन्ह आणि एक जाड ठिपका उमटतो. बाइट तेच, वाचणाऱ्यानें संकेत चुकीचा धरला एवढेंच.

आतां आमच्या मुलीच्या नांवाकडे येऊं. ‘ज्ञानेश्वरी’ या नांवांत अक्षरें किती? मराठी पहिलीचें मूल सांगेल, चार: ज्ञा, ने, श्व, री. युनिकोडाचीं चिन्हें मोजलीं तर अकरा होतात. कारण ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दुसरी वेलांटी हीं सर्व निरनिराळीं मोजलीं जातात. आणि यूटीएफ-८ चे बाइट मोजले तर अकरा त्रिक तेहतीस. एकाच नांवाचीं चार, अकरा आणि तेहतीस अशीं तीन मापें झालीं. तिन्ही खरीं, परंतु तिन्ही निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें. जागा होत्या तीस. तेहतीसांतून तीस घेतले, शेवटचे तीन बाइट गळाले, आणि ते तीन बाइट म्हणजे नेमकी शेवटची दुसरी वेलांटी. ‘ज्ञानेश्वरी’ चें ‘ज्ञानेश्वर’ झालें.

येथें एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तीस या संख्येस तीनानें नि:शेष भाग जातो, म्हणून काप बरोबर दोन चिन्हांच्या मधोमध बसला आणि कोणासही संशय आला नाहीं. राखलेल्या जागा ३२ असत्या तर शेवटच्या चिन्हाचे तीनांपैकीं दोनच बाइट राहिले असते. फाइल पुन्हां वाचतांना पायथॉन भाषेनें ते नाकारिले असते आणि प्रोग्रॅम तेथेंच थांबला असता. मुलांना त्रास झाला असता, पण तो समारंभाच्या आदल्या दिवशीं, संगणकाच्या खोलींत झाला असता. जी चूक ओरडून सांगते ती उपकार करिते. जी चूक गप्प राहते ती सभेंत मान खालीं घालावयास लावते.

हेंच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पायथॉन भाषेच्या इतिहासांत दिसून येतें. आमच्या शाळेंत हीच भाषा शिकविली जाते, म्हणून मुलांस तो इतिहास ठाऊक असावा. या भाषेच्या दुसऱ्या पिढींत अवतरणचिन्हांत लिहिलेली साधी स्ट्रिंग ही वस्तुतः बाइटांची रांग होती, आणि खऱ्या मजकुरासाठीं युनिकोड नांवाचा निराळा प्रकार होता. दोन्ही एकत्र केले असतां भाषा तक्रार करीत नसे. ते बाइट ॲस्कीच असणार असें गृहीत धरून ती मुकाट्यानें त्यांचा मजकूर करी. मजकूर इंग्रजी असेपर्यंत सर्व सुरळीत चाले. ज्या दिवशीं पहिलें मराठी नांव येई, किंवा फ्रेंच भाषेंतील एखादें स्वरचिन्हांकित अक्षर येई, त्या दिवशीं तोच प्रोग्रॅम कोसळे. लिहिणाऱ्यानें इंग्रजीत तपासून ‘बरोबर आहे’ म्हणून दिलेली वस्तु वापरणाऱ्याच्या हातांत मोडावी, आणि तीही त्याची भाषा इंग्रजी नाहीं एवढ्याच कारणानें, हा न्याय नव्हे.

या भाषेचे जनक गिदो व्हान रॉसम व त्यांचे सहकारी यांनीं ३ डिसेंबर २००८ रोजीं तिसरी पिढी प्रसिद्ध केली, आणि तींत स्ट्रिंग म्हणजे मजकूर व बाइट म्हणजे बाइट अशी स्पष्ट वाटणी केली. दोहोंची बेरीज करूं पाहणाऱ्यास भाषा तत्काळ नकार देते. मजकुराचे बाइट करावयाचे तर एन्कोड, बाइटांचा मजकूर करावयाचा तर डीकोड, असें स्वतःच्या तोंडानें सांगावें लागतें. या बदलामुळें जुने प्रोग्रॅम चालेनासे झाले आणि पुष्कळांनीं नाराजी दाखविली. दुसऱ्या पिढीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजीं संपला. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ लोकांस एकच प्रोग्रॅम दोन्ही पिढ्यांत चालेल असा लिहावा लागला. त्या कामीं उपयोगी पडणाऱ्या एका साधनाचें नांवच ‘सिक्स’ असें ठेवण्यांत आलें, कारण बे त्रिक सहा.

इतका खटाटोप योग्य होता काय? आमच्या मतें होता. परंतु विरोध करणाऱ्यांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. सुधारणा करणाऱ्यांनीं आरंभीं कांहीं सोयी आवश्यकतेपेक्षां अधिक कडकपणें काढून टाकिल्या, आणि मागाहून त्यांतल्या कांहीं परत आणाव्या लागल्या. मजकुरापूर्वीं यू हें अक्षर लिहिण्याची जुनी रीत २०१२ सालीं पुन्हां मान्य झाली. बाइटांत टक्केचिन्हाच्या साहाय्यानें मजकुरासारखी भर घालण्याची सोय २०१५ सालीं परत आली. सुधारणा खरी असली तरी तिनें चालत्या माणसाचे पाय एकदम बांधूं नयेत, एवढा बोध यांतून घेण्यासारखा आहे. मूळ निर्णय मात्र बरोबरच होता. कारण तो न घेता तर जें ओझें दोनचार हजार कोसांवरच्या प्रोग्रॅम-लेखकानें उचलावयाचें, तें मराठी, तमिळ अथवा जपानी वाचकाच्या डोक्यावर कायम राहिलें असतें.

दुसऱ्या टोंकासही जाऊं नये. कांहीं उत्साही विद्यार्थी हा भेद शिकल्यावर सर्वच बाइटांचा मजकूर करूं पाहतात. छायाचित्राची फाइल ही मजकूर नव्हे. तिला डीकोड करणें म्हणजे सतारीच्या सुरांचें व्याकरण शोधण्यासारखें आहे. लिनक्ससारख्या व्यवस्थेंत फाइलीचें नांवसुद्धां मुळांत बाइटांची रांग असतें, आणि तें यूटीएफ-८ मध्यें शुद्धच असेल असा नियम नाहीं. म्हणून २००९ सालच्या पायथॉनच्या आवृत्तींत अशीं न उकलणारीं नांवें जशींच्या तशीं जपून परत देण्याची तजवीज करावी लागली. जें समजत नाहीं तें बदलूं नये, जसें आलें तसें पुढें द्यावें, हा टपालवाल्याचा धर्म प्रोग्रॅमनेंही पाळावा.

तर मग व्यवहारांत करावें काय? आपल्या घराचा उंबरठा आठवावा. बाहेरचीं पायताणें उंबरठ्याशीं निघतात, आणि बाहेर जातांना पुन्हां चढतात. माजघरांत कोणी तीं घालून फिरत नाहीं. प्रोग्रॅमासही असाच उंबरठा असावा. फाइलींतून किंवा तारेवरून आलेले बाइट आंत येतांच त्यांचा मजकूर करावा. आंत सर्व काम मजकुरावर करावें. आणि बाहेर देतांना शेवटच्या क्षणीं त्याचे बाइट करावे. फाइल उघडतांना संकेताचें नांव स्वतः लिहावें. तें न लिहिल्यास पायथॉनच्या पुष्कळ आवृत्त्या त्या त्या यंत्राच्या स्थानिक संकेतावर भिस्त ठेवितात, आणि शाळेंत चाललेला प्रोग्रॅम घरच्या यंत्रावर निराळाच अर्थ लावतो.

एखादें फंक्शन मजकूर व बाइट दोन्ही स्वीकारणारें असावें असा प्रसंग क्वचित् येतो. तेव्हांही नियम सोपा आहे. एक तर आलेली वस्तु दारांतच पारखून तिचें एकाच प्रकारांत रूपांतर करावें, आणि पुढील सर्व काम त्या एका प्रकारावर चालवावें. नाहीं तर जो प्रकार आला त्याच प्रकारांत उत्तर द्यावें. पायथॉनमध्यें फाइलीचा मार्ग जोडणारें फंक्शन दुसऱ्या रीतीनें वागतें: मजकूर दिला तर मजकूर देतें, बाइट दिले तर बाइट देतें, आणि दोहोंचें मिश्रण दिलें तर साफ नाकारतें. कधीं हें, कधीं तें, असें उत्तर देणारें फंक्शन मात्र कोणी लिहूं नये; त्याच्यावर विसंबणाऱ्यास रोज नवी ठेच लागेल.

आतां पालकांशीं दोन शब्द. कांहीं सुज्ञ पालकांनीं आम्हांस सुचविलें कीं, ही सर्व कटकट टाळण्यासाठीं याद्या रोमन लिपींतच कराव्या. शाळेचे मोबाइलवरील संदेशही त्याच कारणानें रोमन लिपींत येतात, असें ते म्हणतात. त्यांत तथ्य आहे. एका संदेशांत १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरें सात-सात बिटांत बसवून त्यांत १६० लिहितां येतात, आणि मराठी चिन्हें ७० च, कारण तेथें प्रत्येक चिन्हास दोन बाइट लागतात. दोन संदेशांचे पैसे पडतात हें खरें. तरीही आम्हांस ही सूचना पटत नाहीं. रोमन लिपींत ‘ळ’ आणि ‘ल’ एक होतात, ‘ण’ आणि ‘न’ एक होतात. यंत्राच्या चुकीनें एक ईकार गेला म्हणून आपण हौसेनें अर्धी वर्णमाला सोडून द्यावी काय? अडचण लिपीची नाहीं. अडचण लिहिणाऱ्याच्या अज्ञानाची आहे, आणि अज्ञान दूर करण्यासाठींच शाळा असते.

ज्या मुलांनीं तो प्रोग्रॅम लिहिला, त्यांनीं प्रथम केलेली दुरुस्ती सांगण्याजोगी आहे. त्यांनीं ३० च्या जागीं ६० लिहिले आणि काम झालें म्हणून आमच्याकडे आलीं. आम्हीं ती दुरुस्ती परत केली. साठांतही एकाद्याचें नांव एक दिवस मावणार नाहीं, आणि त्या दिवशीं पुन्हां कोणी तरी मान खालीं घालील. शेवटीं त्यांनीं बाइटांवरची ती काटछाट काढून टाकली, आंत सर्वत्र मजकूर ठेविला, आणि शाळेच्या हजेरीपटांतील सर्वांत लांब व सर्वांत जोडाक्षरी नांवें निवडून प्रोग्रॅमाची परीक्षा घेतली. हीच खरी परीक्षा. ज्यानें आपला प्रोग्रॅम केवळ इंग्रजी नांवांवर तपासला, त्यानें तो तपासलाच नाहीं असें आम्ही समजतों, आणि यापुढें संगणकाच्या प्रात्यक्षिकांत गुण देतांना हाच दंडक राहील.

त्या विद्यार्थिनीस शुद्ध नांवाचें प्रशस्तिपत्रक दुसऱ्या आठवड्यांत देण्यांत आलें. तिनें तें वाचलें, शेवटच्या वेलांटीवर बोट ठेवून पाहिलें, आणि “आतां बरोबर आहे” एवढेंच म्हणाली. तेवढी एक वेलांटी म्हणजे यंत्राच्या लेखीं तीन बाइट. त्या तीन बाइटांत मुलीचें स्वतःचें नांव पुरें होतें, हें आमच्या मुलांनीं प्रोग्रॅम लिहितांना ध्यानांत ठेवावें.